पोपटाचं उष्टं

मुंगीने भाताचं शीत उचललं होतं. तिच्याहून मोठं, पांढरं, एका टोकाला वाळून कडक झालेलं. ते ओढत ओढत ती गेरूच्या रेघेपाशी आली, थबकली, मिशा हलवल्या, आणि मग सरळ रेघेवरून पलीकडे गेली... गेलीच. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. विश्राम बाजेवर कुशीवर पडून पाहत होता. शीत त्याच्या ताटलीतलं होतं, त्या जर्मनच्या ताटलीतलं, जिच्या काठावर बायकोने, शकूने, खिळ्याने फुली कोरून ठेवली होती, म्हणजे ती चुकूनही घरच्या भांड्यांत मिसळू नये. आणि आता ते शीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे निघालं होतं. हाक मारावी का? पण कोणाला? घरात कोणी नव्हतं. शकू लेकीला, शेवंतीला, घेऊन सकाळीच कल्याणला दवाखान्यात गेली होती. त्याने हात लांब केला, मुंगीसकट शीत चिमटीत धरलं आणि आपल्या बाजूला आणून ठेवलं. मुंगी एकदा गोल फिरली आणि पुन्हा रेघेकडे चालू लागली.

जा बाई, जा. तू तरी जा.

मागच्या पडवीचे दोन भाग करणारी ही रेघ डिसेंबरात आखली गेली. ठाण्याच्या एका खोलीतून ते तिघं इथे डोंबिवलीला आले, ते हवेसाठी. डॉक्टर म्हणाले होते, मोकळी हवा, दूध, अंडी, इंजेक्शनं आणि पडून राहणं. विश्राम नाव ठेवलं तेव्हा आईच्या मनात हे नसणार. पडवीचा विहिरीकडचा भाग त्याचा, आतला घराचा. रेघ पुसट झाली की दर शनिवारी शेवंती गेरूचा खडा घेऊन बसायची आणि जीभ बाहेर काढून, ओठात धरून, ती नव्याने ओढायची. सहा वर्षांची पोर. आणि दर शनिवारी ती रेघ बोटभर त्याच्या बाजूला सरकायची. हे त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. पहिल्या रेघेच्या वेळी तिचं पाट मांडून बसणं फरशीच्या तिसऱ्या तुकड्यावर होतं, आता पाचव्यावर होतं. शकूच्या लक्षात आलं नव्हतं, तिला दिवसभरात मान वर करायला फुरसत कुठे? त्याच्या लक्षात आलं होतं, आणि तो गप्प बसला होता. बोटभराने काय होतंय, असं त्याने स्वतःला दर शनिवारी सांगितलं. सात वर्षं छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस, केसभर फट राहिली तर अख्खी ओळ मोडून पुन्हा जुळवणारा, आणि बोटभराने काय होतंय म्हणतो.

वर शेवग्यावर पांढऱ्या फुलांचे घोस लटकले होते, आणि त्यांत तो काळानिळा इवलासा पक्षी उलटा लोंबकळून चोच खुपसत होता. त्याचं खरं नाव दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून शेवंतीने त्याला ‘शाईचा थेंब’ म्हणायचं ठरवलं होतं. विहिरीच्या रहाटावर बसून शीळ घालणारा दयाळ म्हणजे हेडमास्तर, कारण पांढरा सदरा आणि वर काळा कोट. कुठेतरी लांब तांबट टुक-टुक-टुक करत होता, न थकता, न खोकता... घरमालकीण हौसाबाईच्या आंब्याच्या मोहराचा वास वाऱ्यावर यायचा आणि घसा खवखवायचा, तरी तो वास तो ओढून ओढून घ्यायचा. होळी होऊन आठ दिवस झाले होते. पाडव्याला गुढी इथेच, मागच्या दारी लावू, म्हणजे तुम्हाला पडल्या पडल्या दिसेल, असं शकू रविवारी पापडांना ऊन दाखवताना म्हणाली होती, आणि तिच्या कपाळावर पीठ लागलेलं होतं. किती बरं चाललं होतं सगळं! ठाण्याच्या खोलीत सात वर्षांत त्याने एक पक्षी नीट पाहिला नव्हता. आजारी पडायच्या आधी आपण जगत होतो की नुसते चालू होतो, असं त्याला इथे आल्यावर वाटायला लागलं होतं, आणि वजनही तीन पौंडांनी वाढलं होतं.

आणि मग सोमवार आला. शाळेत सुई टोचणारी माणसं आली. हल्ली गावोगाव येतात तशी. शेवंतीच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, आतल्या बाजूला टोचलं. तीन दिवसांनी पाहायचं. काही नसेल तर लस. फुगलं असेल तर जंतू अंगात शिरले असं समजायचं. मास्तरांना बापाचं दुखणं ठाऊक, म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली: या मुलीला कल्याणच्या दवाखान्यात दाखवा. मंगळवारी तो हात त्याने रेघेपलीकडून पाहिला होता. मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका. “खाजतंय बाबा,” ती म्हणाली होती. बुधवारी सकाळी शकूने तिला लांब बाह्यांचा निळा झंपर घातला. फाल्गुनातल्या उकाड्यात.

“कशाला गं?” त्याने विचारलं.

“तुम्ही बघत बसाल म्हणून,” शकू म्हणाली.

म्हणजे तिने पाहिलं होतं. म्हणजे काहीतरी पाहण्यासारखं होतं. आज गुरुवार. त्या निळ्या बाहीच्या आत काय आहे ते आत्ता या क्षणी कल्याणला कोणीतरी उजेडात धरून पाहत असेल... पट्टी लावून मोजत असेल.

खार आली. शेपटी उडवत बाजेच्या पायापर्यंत आली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातला कापूस दोन्ही हातांनी ओढायला लागली. चार दिवस तिचा हाच उद्योग. मिशा फुटल्यासारखा तोंडात कापूस भरायचा आणि पेरूच्या झाडावरून वळचणीत पळायचं. तिकडे तिचं घर चाललं होतं. शेवंती हे बघून हसून हसून लोळली होती. आता तो एकटा असताना त्याला वाटलं, हा कापूस माझ्या घामाचा, माझ्या खोकल्याचा. हिची पिल्लं यात झोपणार. “हट्!” तो ओरडला, आणि ओरडल्यामुळे खोकला आला, लांबलचक, पोटातून. फुलीच्या भांड्यात थुंकून तो पाठीवर पडला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकल्याचं असेल. नसेलही. खार वळचणीवरून डोकं बाहेर काढून पाहत होती, कापूस तोंडात तसाच.

पेरू. पेरूच्या झाडाकडे पाहायचं नाही असं त्याने सोमवारपासून ठरवलं होतं.

माघातली सकाळ होती. झाडावर शेवटचे चार-पाच पेरू उरले होते आणि पोपट रोज यायचे, हिरव्या पानांत हिरवे, नुसता आवाज आणि खाली पडणाऱ्या फोडी. हौसाबाईने शेवंतीला सांगून ठेवलेलं होतं, “पोपट गोडच फल बगून चोच मारतो, पोरी. त्याचा उष्टा खावा.” आणि ते खरं निघालं होतं. चोच मारलेला पेरू साखरेसारखा, न मारलेला तुरट. तेव्हापासून ती खाली पडलेला प्रत्येक पेरू उलटसुलट करून चोचीची खूण शोधायची. त्या दिवशी तिला सापडलेल्या पेरूला खूण नव्हती. करकरीत, अर्धा हिरवा. शकू विहिरीपलीकडे धुणं वाळत घालत होती. पोर रेघेपाशी येऊन बसली आणि पेरू हातात फिरवत म्हणाली, “याला पोपटाने तोंडच लावलं नाही. आता हा गोड नसणार.” मग तिने मान वर केली. “बाबा, तुम्ही पोपट व्हा ना.”

तो पेरू रेघेवरून गडगडत त्याच्या बाजेपाशी आला.

नाही, अज्ञानाने नाही. हे मी कुणालाच सांगू शकणार नाही, पण स्वतःला तरी खोटं कशाला सांगू? मला ठाऊक होतं. ‘क्षयरोग्याचे उष्टे कोणीही खाऊ नये’ हे वाक्य दोन वर्षांपूर्वी मी माझ्या या बोटांनी जुळवलं होतं, नगरपालिकेच्या पत्रकासाठी, ठळक टाइपात, एक एक खिळा उचलून, उलटं. ‘ष्ट’चा खिळा झिजला होता म्हणून बदलून घेतला होता. मला ठाऊक होतं. पण दोन महिने झाले होते... दोन महिने माझ्या हातातली वस्तू कोणी घेतली नव्हती. मी शिवलेलं सगळं उकळत होतं, जळत होतं, पुरलं जात होतं. आणि समोर एक पोर बसली होती जिला वाटत होतं की माझं तोंड लागलं तर पेरू गोड होईल.

त्याने चावा घेतला. डाव्या दाढेने, छोटा. पेरू परत गडगडत गेला. तिने डोळे मिटून, त्याच खुणेच्या जागी दात रोवून खाल्ला, बियांसकट, आणि म्हणाली, “झाला!” त्याने इतका आनंद आयुष्यात दुसऱ्या कुठल्या क्षणी भोगला होता का, हे त्याने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, आणि तसा क्षण सापडला नव्हता. मग शकूच्या बांगड्या वाजल्या, ती रिकामी बादली घेऊन येत होती. “शेवू,” तो घाईने, हळू म्हणाला, “आईला नाही सांगायचं हं.” तिने तोंड पुसलं आणि मान हलवली.

त्यानंतर सांगायचं राहूनच गेलं. रोज सांगणार होता. सांगितलं असतं तर शकूने काही आरडाओरडा केला नसता, ती तशी नव्हतीच. तिने ट्रंक भरली असती. पोरीला घेऊन ती संगमेश्वरला माहेरी गेली असती, आणि त्याच्या जेवणाखाणाची कुठूनतरी सोय लावून गेली असती, सगळं नीट, आणि पडवीच्या पलीकडच्या भागात कोणीच बसलं नसतं. तो किती दिवस आहे, वर्षं आहे की महिने, कोणाला ठाऊक? ते दिवस त्याला रेघेपलीकडचं ते डोकं, ते सुटलेले रिबिनीचे फास, ते ‘बाबा, हेडमास्तर आले’, यांच्यासकट हवे होते. म्हणून तो गप्प. पोरीच्या जिवावर गप्प. हे असं शब्दांत त्याने आज पहिल्यांदाच मांडलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

“काय रं इस्राम, जेवलास का नाय?”

हौसाबाई शेवग्याच्या शेंगांची मोळी काखेत मारून आली होती. घर तिचं, वाडी तिची. सासऱ्याच्या वेळी मिठागर होतं, ते गेलं, आता चार भाडेकरू आणि झाडं. ती रेघ बिनदिक्कत ओलांडून बाजेच्या पायथ्याशी टेकली. तिला कितीदा सांगितलं तरी तिचं एकच, मी म्हातारी, मना काय व्हतंय.

“जेवलो.”

“खोटा. ताटलीन भात तसाच हाय.” तिने शेंगा जमिनीवर ठेवल्या. “आल्या नाय का अजून त्या?”

“चारच्या गाडीने येतील.”

“बरा होईल. नको चिंता करू.” मग ती झाडाकडे बघत हसली. “पेरवावर पोपट येत नाय आता. फल सरला ना. तुजी पोर काल त्यांना हाका मारीत व्हती. मी बोललो, येतील गं फुडल्या सालाला.”

पुढल्या साली. त्याच्या तोंडापर्यंत आलं. हौसाबाई, मी एक चूक केली. हिला सांगावं. ही परकी, ही कपाळाला हात लावेल, चार शिव्या देईल, पण ट्रंक भरणार नाही. त्याने तोंड उघडलं. “हौसाबाई...”

“काय रं?”

“पाणी द्या जरा.”

तिने तांब्यातून वरून धार धरली. त्याने ओंजळ केली. म्हातारी पाणी सांडू न देता ओतत होती, त्याच्या हनुवटीला हात लावून, आणि तो पीत राहिला, तहान नव्हती तरी.

ती गेल्यावर ऊन पडवीत आलं. मुंगूस कुंपणाच्या कडेने निघालं, मागे दोन पोरं, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक. हे शेवंतीने अजून पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सांगू, असं मन सवयीने म्हणालं आणि मग जागच्या जागी लंगडं झालं. फुगलं असेल तर? नसेल फुगलं. डास चावला तरी एवढा ठिपका होतो. देवा, नुसता डास असू दे... मी पुढल्या शनिवारी रेघ चार वीत मागे नेईन, मी तोंड भिंतीकडे करून झोपेन, मी पक्ष्यांकडेसुद्धा पाहणार नाही. पण तिकडे दयाळाने पुन्हा शीळ धरली, वर चढवत चढवत, शेवटी एक गिरकी देऊन, आणि नवस बोलणारा तो त्या गिरकीपाशी थांबून ऐकतच राहिला. छान होती. किती छान होती! अशा दिवशी अशी शीळ छान वाटते म्हणजे माणूस कसल्या मातीचा असतो?

चारच्या गाडीची शिटी झाली. मग पंधरा मिनिटं. मग पुढल्या दाराची कडी.

शकूची पावलं त्याला वाचता यायची. आज ती जड नव्हती, हलकीही नव्हती. तिने आधी हातपाय धुतले. चुलीवर काहीतरी ठेवलं. मग ती रेघेपाशी येऊन उभी राहिली, पदराने मान पुसत, आणि तिच्या मागे निळा झंपर.

“फुगलंय,” शकू म्हणाली. “चांगलं बोराएवढं. त्यांनी पट्टी लावून मोजलं.”

त्याची नजर त्या निळ्या बाहीवर गेली.

“पण घाबरायचं नाही म्हणाले. जंतू शिवलेत, म्हणजे आजार लागलाच असं नाही. पुष्कळांना शिवतात म्हणे, आणि तसेच आत निजून राहतात. सोमवारी ठाण्याला छातीचा फोटो काढायचा, मग कळेल.” ती उंबऱ्यावर बसली. बोलताना ती झंपरची बाही खाली ओढत होती, पोरीची. “ठाण्याच्या खोलीतच शिवले असतील म्हणाले. तिघं एकत्र होतो आपण तिथे, तेव्हा कुठे काय माहीत होतं? कोणाची चूक नाही म्हणाले.”

कोणाची चूक नाही. हे खरंही असेल. ठाण्याच्या खोलीत वर्षभर तो खोकत होता आणि पोर कुशीत झोपत होती. कोण सांगणार, जंतू कुठल्या रात्री गेले की कुठल्या सकाळी? त्याच्या छातीवरचा धोंडा हलला... आणि हलला याचीच त्याला भीती वाटली.

“मला विचारलं, घरात सगळं वेगळं ठेवता ना? मी म्हटलं, डॉक्टर, एक शीत इकडचं तिकडे जाऊ देत नाही.” शकूची मान जरा ताठ झाली. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती हसली. “अहो, आणि गंमत ऐका. त्यांनी हिला मांडीजवळ घेतलं आणि विचारलं, काय गं, बाबांचं उष्टंबिष्टं खात नाहीस ना? तर ही म्हणते कशी... नाही, मी फक्त पोपटाचं उष्टं खाते! सगळा दवाखाना हसला. डॉक्टर म्हणाले, पोपटाचं चालेल.”

ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, आणि तो हसण्यासारखं तोंड करून तिच्या मागे पाहत होता. शेवंती हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, सरळ, पापणी न हलवता. मी बरोबर सांगितलं ना, असं ती विचारत होती. सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर एवढा शहाणपणा त्याने कधी पाहिला नव्हता. दीड महिना तिने तो पेरू पोटात ठेवला होता, त्याच्यासाठी, आणि आज परक्या माणसाच्या मांडीपाशी उभं राहून, हात सुजलेला असताना, तो सांभाळला होता.

“चहा टाकते,” म्हणून शकू आत गेली.

शेवंती पुढे आली. पाटावर बसली नाही. रेघेपाशी उभी राहून तिने बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात त्याच्यासमोर धरला. लाल, टणक, मध्ये सुईचा काळा ठिपका. मग तिने आतला कानोसा घेतला आणि दबक्या आवाजात, एखादी आनंदाची बातमी सांगावी तसं विचारलं,

“बाबा, मला पण शिवलेत. आता मी तुमच्याकडे बसू?”

तिच्या उजव्या पायाचा अंगठा गेरूवर होता. आता तो लाल होणार, आणि ती तो लाल अंगठा घेऊन घरभर फिरणार, असं काहीतरी भलतंच त्याच्या मनात आलं. त्याने हो म्हणायचं नव्हतं. पण ‘हो’ तोंडात तयार होता. तो बाजेवर एका बाजूला सरकलाही होता. हातभर जागा झाली होती, आणि ती जागा आपण केली हे त्याला ती झाल्यावर कळलं. खिळे जुळवताना ओळ उलटी असते, डोळ्यांना सवय होते, काही खटकत नाही. कागदावर पहिली प्रत उमटली की चूक सुलटी होऊन समोर येते. तसं त्याने त्या हातभर जागेकडे पाहिलं.

“मागे हो, शेवू,” तो म्हणाला.

ती हलली नाही. तिला वाटलं तो खेळतोय.

“मागे हो. पाटाच्याही मागे.” आवाज त्याचाच होता, पण तो त्याने पूर्वी ऐकलेला नव्हता. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला, खालचा ओठ आधी. अंगठा मात्र तिथेच होता.

“शकू,” त्याने हाक मारली.

आत कपबश्यांचा आवाज थांबला. “काय हो?”

शेवंतीने झटकन मान हलवली... नको, नको. आईला नाही सांगायचं, तुम्हीच म्हणालात ना. तिच्या डोळ्यांत आता त्याच्याबद्दलची काळजी होती. पोपटाशिवायचा पेरू बाहेर अंगणात उभा होता, आणि बाजेवरची ती हातभर जागा तशीच रिकामी होती. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

“इकडे ये जरा,” तो म्हणाला. आणि शकूची पावलं चुलीपासून उंबऱ्यापर्यंत येत असताना त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला अजूनही ती यायला उशीर व्हावा असं वाटतंय.